साठ की नव्वद?

वेंगुर्ले,
श्रावण

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. आपण टिपलेले आवाज वाटायला नव्वद मिनिटांच्या कॅसेटी घेतल्या तर एकीत दोघांचं काम मावेल आणि पैसे वाचतील, हा तुझा हिशेब बरोबर आहे. तरी मी साठच्याच मागवणार. भांडायचं असेल तर गणपतीला येशील तेव्हा भांड.

साठच्या कॅसेटची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड, नव्वदची १२. रिळावर वेढ्याला वेढा चिकटून बसतो आणि मोठ्या आवाजाचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर हलकंसं उतरतं. फीत पातळ आणि हवा गरम असली की जास्तच. फिल्मी गाण्यात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या पहिल्या साइडला मात्र बराच वेळ जवळजवळ काहीच नाही, आणि मग एकदम रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांची हाळी. ती यायच्या आधीच तिची सावली ऐकू आली तर सगळा खेळच गेला. (रहाटाच्या तुकड्यात मला ती सावली चालेल, आवडेलसुद्धा. निम्म्या वेगाने वाजवली की त्याची कुरकुर सप्तकभर खाली येते, एखादं म्हातारं माणूस कण्हावं तशी.)

दुसरी भीती बुरशीची. आईच्या भजनाच्या कॅसेटी माळ्यावर पांढऱ्या पडल्यात, तू पाहिल्यास. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं यंत्र, बसवून स्टुडिओ उभा केला. १९७२ पर्यंत तिथे जे भरलं गेलं, ते पुढे कित्येक वर्षं कुणी ऐकलंच नाही, तरी संग्रहात रिळं टिकली. आपल्याकडे तसं कपाट नाही, आणि हवेबद्दल तर बोलायलाच नको. म्हणून प्रती घरात साठवायच्याच नाहीत. दिवाळीनंतर भरायच्या आणि शिमग्यापर्यंत वाटून मोकळं व्हायचं. पुणे, नागपूर, जिथे ऐकणारा असेल तिथे. उरतील त्या आपल्या नव्हेत असं समज.

भरायचं काम मी करतो, दोन कॅसेट डेक जोडून. वाजते त्याच वेगाने भरायची म्हणजे एका प्रतीला तास जातो, जाऊ दे. मध्येच लाईट गेली की मोटर मंदावते आणि सूर घसरत खाली येतो. तसली प्रत तुझ्यासाठी बाजूला काढीन, तुझा जीव अशाच गोष्टींवर.

कव्हरचा कागद तिकडूनच आण, इथला लगेच मऊ पडतो. आणि डेकचे रबरी पट्टे, एखाददुसरा जास्तीचा.

तुझाच