झरोक्यांचे विमान मुंबईहून उडावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ताफ्यातील एखाद्या आधुनिक विमानाला कंपनीच्या जुन्या काळची रंगसंगती चढवण्याची प्रथा आता जगभर रुजली आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून टपालाचे विमान जुहूला आणले, तिथून एअर इंडियाचा इतिहास सुरू होतो आणि 2032 मध्ये त्याची शताब्दी येते. त्या निमित्ताने जम्बो (बोईंग 747) विमानांवरील झरोक्यांची रंगसंगती एका तरी विमानाला द्यावी, आणि ती मन लावून द्यावी, एवढे सुचवण्यासाठी हे पत्र.

1971 साली पहिले जम्बो आले तेव्हा त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्याच्या झरोक्यासारखी लाल महिरप रंगवलेली होती आणि शेपटीवर धनुर्धारी होता. विमानांना नावेही सम्राटांची होती. आपला देश गरीब असल्याची जाणीव जगाला होती, आपल्यालाही होती. तरी त्या महिरपींत कुठेही ओशाळलेपण नव्हते. 2023 मध्ये आलेल्या नव्या बोधचिन्हाची प्रेरणाही झरोक्याचे टोकच आहे असे सांगितले जाते; पण ते इतके अमूर्त झाले आहे की सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात यावे असे मला वाटत नाही.

या बाबतीत ब्रिटिश एअरवेजचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 2019 च्या शताब्दीसाठी त्यांनी तीन जम्बोंना जुन्या रंगसंगती दिल्या: एकाला बीओएसी या पूर्वसुरी कंपनीची, तर दोघांना नेगस आणि लँडॉर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या स्वतःच्याच पूर्वीच्या; आणि बीईए या दुसऱ्या पूर्वसुरी कंपनीची रंगसंगती युरोपातील मार्गांवर उडणाऱ्या छोट्या ए-319 ला दिली. बीईएच्या विमानांचे पंख मुळात लालभडक असत. परंतु पंखांवरील रंगाने किती प्रकाश परावर्तित करावा याचे आजचे नियम वेगळे असल्याने ते पंख करडेच ठेवावे लागले, आणि कंपनीने तसे उघडपणे सांगितले. पुढच्याच वर्षी करोनाच्या फटक्यात त्यांची सगळी जम्बो निवृत्त झाली, मात्र ही तीन केवळ रंगाच्या पुण्याईवर भंगारात जाण्यापासून वाचली आणि जतन झाली. आपले शेवटचे जम्बो 22 एप्रिल 2024 रोजी मुंबईहून पंख हलवून निरोप घेत अमेरिकेला गेले, ते मात्र विक्रीच्या वाटेने.

झरोके नव्या विमानावर उतरवणे सोपे नाही. बोईंग 787 च्या खिडक्या जम्बोपेक्षा बऱ्याच मोठ्या आहेत. त्यामुळे जुनी महिरप संगणकावर नुसती ताणून बसवली, तर ती लग्नाच्या मांडवातल्या थर्माकोलच्या कमानीसारखी दिसेल. खिडकीचा आकार आणि दोन खिडक्यांमधले अंतर लक्षात घेऊन ती नव्याने रेखाटावी लागेल, आणि हे काम जाहिरात संस्थेऐवजी एखाद्या जाणत्या चित्रकाराकडे सोपवलेले बरे. खर्चाचा मुद्दा निघेलच. विमाने काही वर्षांनी पुन्हा रंगवावी लागतातच. त्या पाळीतच हे काम उरकले, तर वेगळा भार फारसा पडू नये.

जून 2025 मधील अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर रंगाची चर्चा करणे काहींना अप्रस्तुत वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे. देखभाल आणि सुरक्षितता यांच्यापुढे रंगाचा क्रम खालचाच राहणार. म्हणूनच या विमानाला जुन्या सम्राटांपैकी कोणाचे नाव देताना ‘अशोक’ आणि ‘कनिष्क’ ही नावे टाळावीत. या नावांच्या जम्बोंसह अनुक्रमे 1978 मध्ये वांद्र्याजवळच्या समुद्रात आणि 1985 मध्ये आयर्लंडजवळ गेलेल्या माणसांचे नातेवाईक आजही आहेत.

आणखी एक. कंपनीचे मुख्यालय दिल्लीकडे गेले असले, तरी 8 जून 1948 रोजी तिचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले ते मुंबईहून. झरोक्यांचे विमान प्राधान्याने याच मुंबई–लंडन मार्गावर ठेवावे.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई