पहिला बाक द्या

आंतरराष्ट्रीय अल्बिनिझम जागृती दिनानिमित्त (१३ जून) आपल्या अंकात आलेला लेख वाचला. अल्बिनिझम म्हणजे त्वचा, केस व डोळ्यांना रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य जन्मतःच कमी असणे. उन्हापासून त्वचा जपण्याचा सल्ला योग्यच. पण डोळ्यांविषयी त्यात जेमतेम एक ओळ होती, हे खटकले. मेलॅनिनच्या कमतरतेमुळे या मुलांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग पूर्ण विकसित होत नाही. चष्मा लावूनही फळा स्पष्ट दिसत नाही आणि हुशार मूल 'ढ' ठरते! बहुतेक प्रकारांत आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात. आईने ग्रहण पाळले नाही, हा दोषारोप निव्वळ अन्याय आहे. नाशिक महापालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांनी वर्ष सुरू होतानाच अशा मुलांना पहिला बाक, मोठ्या अक्षरांतील पुस्तके आणि मैदानावर टोपीची मुभा द्यावी. दृष्टी फारच अधू असल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार आहे, हेही मुख्याध्यापकांनी पालकांना सांगावे.

– एक शिक्षिका, नाशिक रोड