दाराजवळची जागा

औसा,
मंगळवार रात्र

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "पोरगं हाताबाहेर गेलं रे." तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. सगळी जेवायला बसली होती. पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय. निवांत वाच, आणि वाचून झाल्यावर ताईलाही दे.

दाजींना जाऊन पाच महिने झाले. तू सांगितलेलं मी सगळं आठवून बघितलं. भाचा रात्री दोन-तीनपर्यंत मोबाइल घेऊन जागा असतो. वर्गात झोपतो. पोट दुखतं म्हणून शाळा बुडवतो आणि डॉक्टरांना काही सापडत नाही. कुकरची शिट्टी झाली की दचकतो. मोटारसायकलवर बसत नाही, म्हणून क्लासला जात नाही. आईवर ओरडतो. वडिलांचा विषय निघाला की उठून जातो. यातली एकेक गोष्ट वेगळी धरली तर तुला आळस दिसतो, उद्धटपणा दिसतो, मोबाइलचं वेड दिसतं. सगळ्या एकत्र ठेवून बघ. अपघात झाला तेव्हा तो गाडीवर मागे बसलेला होता. त्याच्या अंगाला अजून कळलेलं नाही की तो अपघात संपला. डोळे मिटले की तेच दिसतं, म्हणून तो डोळे मिटत नाही. मोबाइल त्याला जागं ठेवत नाहीये, तो जागं राहायला मोबाइल धरतोय.

हे मी वीस वर्षं नववी-दहावीला शिकवतोय म्हणून कळतं असं नाही. तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही, ती आज सांगतो.

आपण भेटलो अकरावीला, लातूरच्या होस्टेलवर. मी भर थंडीत व्हरांड्यात झोपायचो आणि तू विचारायचास, खोलीत काय होतं तुला? किल्लारीपासून आमचं गाव जवळ, एवढंच तुला माहीत होतं. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावातलं विसर्जन आटोपून सगळे दमून झोपले. मी चौदा वर्षांचा, अंगणात बाजेवर झोपलो होतो. धाकटा गोधडी घेऊन माझ्याजवळ आला. मी म्हणालो, "जा आत, आजीजवळ झोप. लाथा मारतोस." तो गेला. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमची घरं दगड-मातीची, वर माळवद, त्यावर दीड-दोन फूट माती. आजी आणि धाकटा दोघंही आत होते.

पुढे काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. हजारो माणसं गेली. पन्नासावर गावं नव्या जागेवर वसवावी लागली. भारतीय जैन संघटनेनं आमच्या भागातली बाराशेच्या आसपास मुलं शिकायला पुण्याला नेली. धान्य आलं, पत्रे आले, पुढे घरंही मिळाली. पण "जा आत" हे दोन शब्द मी कुणाला सांगितले नाहीत. आईला तर अजिबात नाही.

आता तुझ्या बोलण्यातलं दुसरं वाक्य. तू सहज बोलून गेलास, "दाजी त्याला क्लासहून आणायलाच गेले होते." मित्रा, तुझ्यासाठी ती माहिती आहे. तो पोरगा रोज रात्री त्याच वाक्यावर येऊन थांबत असेल. मी रिक्षानं आलो असतो तर? फोन केला नसता तर? या वयात मूल सगळ्याचा दोष स्वतःवर घेतं, आणि तो लपवायला राग फार सोयीचा असतो. चिडलेल्या पोराला कुणी जवळ बसून विचारत नाही.

त्यात आपल्या लोकांनी तेराव्याला काय केलं ते मी डोळ्यानं पाहिलं. जो तो पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "आता तूच कर्ता. रडू नकोस, आईकडे बघ." पंधरा वर्षांच्या पोराचं रडणं आपण मोठ्यांनी त्याच दिवशी बंद केलं. मीही तिथे होतो आणि गप्प राहिलो, याचं मला वाईट वाटतं.

आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. वाऱ्यानं पत्रा वाजला की मी धूम बाहेर. एका गुरुजींनी त्यासाठी छडी मारली, दोनदा. मग मराठीच्या सरांनी एक दिवस मला उठवून दाराजवळ बसवलं. म्हणाले, "बाहेर जावंसं वाटलं तर विचारू नकोस, जा. फक्त परत ये." बास, एवढंच. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. पहिल्या आठवड्यात मी रोज पळालो असेन. नंतर कमी. दार जवळ आहे हे माहीत असलं की पळावं लागत नाही. आज माझ्या वर्गात दाराजवळचा एक बाक मी कायम मोकळा ठेवतो.

तुझ्या घरात त्याला असं दार कुठे आहे? खोलीची कडी काढून टाकलीस म्हणालास. ती परत बसव. गाडीचा आग्रह सोड, चालत किंवा बसनं जाऊ दे. जेवणाची वेळ रोज एकच ठेव, आणि घरात काही बदलणार असेल तर आधी सांग. त्याला समोर बसवून "बोल ना काय होतंय" असं करू नकोस. शेंगा फोडायला घे, सायकलचं पंक्चर काढायला घे, शेजारी बस. मुलं समोरासमोर बोलत नाहीत, हात कामात असले की बोलतात. आणि त्या रात्री मोबाइलवरून तू हात उचललास, त्याबद्दल त्याची माफी माग. "चुकलं माझं" एवढंच म्हण. पुढे "पण तू सुद्धा" जोडू नकोस.

शाळेत वर्गशिक्षकांना भेट. सगळं सांगायची गरज नाही, पण काय सांगणार आहेस ते आधी त्याला विचार. दहावी या वर्षी कमी टक्क्यांनी झाली तरी चालेल, हे ताईच्या तोंडून त्याला ऐकू दे.

महिना-दीड महिन्यात हे आपोआप कमी होत जातं तेव्हा घरच्यांचा आधार पुरतो. इथे पाच महिने झालेत, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायलाच हवं. अशा आघातासाठी ठरावीक बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत. विचार आणि आठवणी हळूहळू हाताळायला शिकवणारी एक, आणि डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं करतात ती एक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच दोन्हींची मुलांसाठी शिफारस केली आहे. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं आणू नकोस. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. ताईनंही करावा. ती पण पाच महिने झोपलेली नाही.

एक अवघड गोष्ट. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं तो काही बोलला तर ते रागातलं समजू नकोस. सरळ विचार, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं ते मनात भरत नाही, उलट मन मोकळं होतं. हो म्हणाला तर त्याला एकटा सोडू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ. आणि माझं ऐक, तुझ्या पडवीत फवारणीची औषधं उघड्यावर असतात, ती आजच हलव. शेतावरच्या खोलीत कुलपात ठेव, किल्ली तुझ्या खिशात.

वर्षश्राद्धाच्या आधी महिनाभर तो पुन्हा बिघडल्यासारखा वाटेल. घाबरू नकोस. गणपतीत ढोल वाजायला लागले की माझ्या पोटात आजही गोळा येतो.

ते दोन शब्द मी शेवटी सरांनाच सांगितले, दहावीचा निकाल घेऊन गेलो तेव्हा. मला वाटलं होतं, ते म्हणतील तुझी चूक नव्हती. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि विचारलं, "खरंच लाथा मारायचा का रे तो?" मला हसू फुटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा धाकट्याबद्दल कुणी काही विचारलं होतं. मग मी तास-दीड तास त्याच्याबद्दलच बोलत होतो. कधी रडू यायला लागलं ते कळलंही नाही.

तुमच्या घरात दाजींचं नाव निघतं का रे? ते गाडी कशी पुसायचे, क्रिकेट बघताना कसे ओरडायचे, हे तू जेवताना काढ. भाचा उठून गेला तर जाऊ दे. पुढच्या वेळी पुन्हा काढ.

रविवारी दुपारी मी येतोय, बसनं. त्याला आधी सांगून ठेव, अचानक दार वाजायला नको. आणि त्याला विचार, मामाचा मित्र येतोय, त्याच्याबरोबर शेतावर यायचंय की नाही. नाही म्हणाला तर मी ओट्यावर बसेन.

तुझाच,
व्हरांड्यातला

ता. क. : कडी रविवारच्या आधी बसव.