कामकरी माशीचा हिशेब

सातारा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

“जनुके स्वार्थी असतील, तर आईची माया हाही व्यवहारच का?” हा तुझा प्रश्न वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. गेल्या आठवड्यात महाबळेश्वरजवळच्या मांघरला, म्हणजे ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या वस्तीत, सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या पाहताना तर तो अधिकच बोचला. कारण आपल्याला डसणारी कामकरी माशी काटेरी नांगी आपल्या कातडीत सोडून मरते आणि तिला स्वतःची संतती बहुधा नसतेच. मग तिचा हा गुण पुढच्या पिढीत पोहोचतो कसा, ही अडचण डार्विनलाही जाणवली होती.

या अडचणीचे उत्तर ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने १९६४ साली दिले. मदतीने होणाऱ्या लाभाला नात्याच्या प्रमाणाने, म्हणजे दोघांत सामायिक असलेल्या जनुकांच्या वाट्याने, गुणावे आणि तो गुणाकार मदत करणाऱ्याच्या हानीपेक्षा मोठा भरला, तर ती मदत करवणारे जनुक पसरते. मधमाश्यांत नराला गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे एका बापाच्या सख्ख्या बहिणींचे नाते ३/४ होते. कामकरी माशी बहिणींसाठी जीव देते ती या ३/४ मुळेच, असे तू याच आकड्यावर सगळे उभे केले आहेस आणि तेथेच माझा मतभेद आहे. भावाशी कामकरी माशीचे नाते फक्त १/४ असते. शिवाय राणीचा संग अनेक नरांशी होतो, म्हणून पोळ्यातल्या बहुतेक जणी सावत्र बहिणीच असतात. सावत्र बहिणीच्या मुलाशी नाते १/८ आणि राणीच्या मुलाशी १/४, म्हणून दुसऱ्या कामकरीने घातलेली अंडी कामकरी माश्या खाऊन टाकतात. रॅटनिक्स आणि व्हिशर या संशोधकांनी १९८९ साली हे प्रयोगाने दाखवले. एकाच हिशेबातून जीव देणेही निघते आणि अंडी खाणेही, हे मला फार विलक्षण वाटते.

मात्र हा हिशेब माशीच्या मनात नसतो, तसा तो आईच्याही मनात नसतो. माया का टिकली, हे जनुकांची बेरीज सांगते. पण तापलेल्या लेकराच्या उशाशी रात्रभर बसणारी आई खरोखरच त्याच्यासाठी बसलेली असते, आणि त्या बेरजेने तिचे बसणे खोटे ठरत नाही.

आणखी एक गोष्ट. बंगळूरचे जीवशास्त्रज्ञ राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या ज्या गांधीलमाशीचा अनेक वर्षे अभ्यास केला, तिच्या पोळ्यातले नाते ३/४ पेक्षा बरेच कमी भरते. तरी पुष्कळ माद्या स्वतःचे पोळे न बांधता तेथेच राबतात, कारण एकटीने बांधलेल्या पोळ्यातली पिल्ले वाढण्याआधीच ती मादी मेली, तर तिचे सारे कष्ट वाया जातात. तू नात्याचाच आकडा धरून बसतोस, तेव्हा लाभ आणि हानी या दोन राशींविषयी तुझे काय म्हणणे आहे, ते सविस्तर लिही.

तुझा,
माधव