बाबांच्या वहीतली रीडिंग

सोलापूर, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, आधी तुझी शंका. माझ्या पिवळ्या ओढणीला पडलेली भोकं उंदरांनी पाडलेली नाहीत. डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिडचा शिंतोडा सुती कापडावर उडाला तर तेव्हा काहीच दिसत नाही. पाणी उडून जातं, ॲसिड मागे राहून दाट होत जातं, आणि ओढणी धुवायला काढली की नेमकं तेवढंच कापड विरतं. अंगात ॲप्रन असतो, पण ओढणीचं टोक बाहेर आलं की व्हायचं ते होतं. हात माझे धडधाकट आहेत. पिपेटच्या काचनळीत तोंडाने द्रावण ओढायचे दिवसही गेले, आता रबरी बल्ब लावतात. तेव्हा "पोरांना करू दे, तू लांब उभी राहा" हा तुझा सल्ला काही पाळता येणार नाही. मी लांब उभी राहिले तर पोरांच्याच ओढण्या-शर्टांची चाळण होईल.

बाबा, तुम्ही परवा विचारलंत, "दिवसभर त्या लॅबमध्ये करता तरी काय?" मी सांगायला लागले आणि तुमच्याकडची रेंज गेली. म्हणून पत्र. शिवाय तुमच्याशी एका गोष्टीवर बोलायचंय, ती फोनवर काढली असती तर तुम्ही "बरं बरं, आईला देतो" म्हणून मोकळे झाला असता.

आमच्याकडे फर्स्ट इयरला येणारी मुलं बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला ३० पैकी २८, २९ घेऊन आलेली असतात. त्यातल्या कितीतरी जणांनी ब्युरेट, म्हणजे खाली कॉक असलेली मापाची उभी काचनळी, हातात धरलेली नसते. नाव एका ज्युनियर कॉलेजात, दिवस सगळा क्लासमध्ये, आणि जर्नल कुणाचं तरी बघून उतरवलेलं. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. नीट आणि सीईटीत ब्युरेट धरायचे मार्क नाहीत, हे त्यांना आमच्याआधी कळलेलं असतं. मग पहिल्या टर्मला मी आणि आमचे लॅब अटेंडंट, ज्यांना सगळी बॅच 'मामा' म्हणते, दोघं मिळून अगदी श्रीगणेशापासून सुरू करतो. डाव्या हाताने कॉक, उजव्या हाताने फ्लास्क. डोळा पातळीसमोर, वरून वाकून बघायचं नाही. नोझलमधला बुडबुडा आधी काढायचा, नाहीतर तो मध्येच सुटतो आणि पहिलं रीडिंग उगाच जास्त येतं. मामा शिकलेत दहावी, पण कुणाच्या ब्युरेटमध्ये बुडबुडा राहिलाय ते त्यांना टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. मला अजून जवळ जावं लागतं.

सध्या पाण्याचा जडपणा मोजायचं प्रॅक्टिकल चालू आहे. आई, इथे आली होतीस तेव्हा तूरडाळ शिजत नाही म्हणून कुकरला आणि मला दोघांना बोल लावलेस, आठवतं? दोष बोअरच्या पाण्याचा होता. इथला खडक काळा, बेसॉल्टचा, पाणी खोल आणि त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. ते डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाणा बांधून ठेवणाऱ्या पदार्थाला, धरून बसतं, दाणा मऊ होऊ देत नाही. तू शेवटी चिमूटभर खायचा सोडा टाकलास, ते अगदी बरोबर केलंस. आपल्याकडे जांभा, त्यातून इतका पाऊस मुरून जातो की विहिरीच्या पाण्यात क्षार फारसे उरतच नाहीत.

मी मुलांना सांगते, लॅबच्या नळाचं घेऊ नका, आपापल्या घरचं पाणी आणा. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, सगळीकडून बाटल्या येतात. ५० मिली पाणी फ्लास्कमध्ये, त्यात अमोनियाच्या वासाचं बफर, मग 'ईबीटी' नावाच्या काळपट पुडीतली चिमूट. पाणी कोकम सरबतासारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीए सोडायचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडून ठेवणारं द्रावण. बराच वेळ काहीच घडत नाही, पोरं कंटाळून कॉक जास्त उघडतात. मग लालात किंचित जांभळी झाक येते. इथे हात आवरायचा. एका मिलीलिटरचे साधारण वीस थेंब होतात, आणि आता एकेक थेंब मोजून. एका थेंबाला लालसर छटा पूर्ण जाते आणि निळं होतं. परवा एका मुलीचं पाणी निळं झालं तेव्हा ती काही बोलली नाही, नुसता फ्लास्क उचलून पांढऱ्या टाइलवर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मग म्हणाली, "मॅडम, २१.४." म्हणजे २१.४ मिली ईडीटीए लागलं, आमच्या हिशेबाने लिटरला ४२८ मिलिग्रॅम जडपणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. तिच्या आईलाही डाळीचा हाच त्रास आहे म्हणे. आपल्या विहिरीचं पाणी मी दिवाळीत आणलं होतं, त्याला २.६ मध्ये निळं झालं. ५२. मुलांना ते खरंच वाटेना, दोघांनी परत करून बघितलं.

आता खरा मुद्दा. टायट्रेशन, म्हणजे हे असं थेंब थेंब सोडून मोजणं, एकदा करून भागत नाही. आधी पायलट रीडिंग, म्हणजे २१ ते २२ च्या मध्ये कुठेतरी येणार असा अंदाज. मग तीन वेळा नीट, आणि जुळलेलं ते 'सीबीआर', कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. पोरं काय करतात, पहिलं मनापासून करतात, घड्याळ बघतात आणि खालच्या दोन चौकटींत तोच आकडा उतरवतात. २१.४, २१.४, २१.४. मी जर्नल सर्टिफाय करायला घेते तेव्हा हे लगेच कळतं. तिन्ही आकडे एकाच दमात लिहिलेले असतात, शाई तीच, तिरकेपणा तोच, खाडाखोड नाही, बफरचा डाग नाही. ज्याने खरंच केलंय त्याच्याकडे २१.४, २१.५, २१.४ असं काहीतरी असतं, आणि पानाचा कोपरा ओला.

तेव्हा मी त्यांना लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाची गोष्ट सांगते. बाबा, ही तुम्हाला आवडेल. १८९० नंतरच्या त्या वर्षांत हा माणूस नायट्रोजनचं वजन करत होता. हवेतून काढलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरायचा आणि रसायनांपासून बनवलेला १.२५०५. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दुसरा कुणी असता तर सरासरी काढून पुढे गेला असता. याने १८९२ मध्ये 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून उघड विचारलं, हे असं का येतंय, कुणाला काही सुचतंय का? मग विल्यम रॅमझे हा रसायनशास्त्रज्ञही कामाला लागला आणि १८९४ मध्ये दोघांनी जाहीर केलं की हवेत आजवर कुणाच्या लक्षात न आलेला, नायट्रोजनपेक्षा जड असा एक वायू आहे. आर्गॉन. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात तो जवळजवळ एक टक्का असतो. १९०४ मध्ये एकाला फिजिक्सचं आणि दुसऱ्याला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, मग २१.५ लिहिलं तर मार्क कापणार नाही ना?" कापत नाही. उलट सारखे तीन दिसले की समोर उभं करून चौथं करायला लावते. त्यामुळे मी खडूस म्हणून प्रसिद्ध आहे.

तर बाबा, आईने गेल्या आठवड्यात तुमच्या बीपीच्या वहीचा फोटो पाठवला. गणपतीपासून संक्रांतीपर्यंत रोज १३०/८०. एक दिवस १३१ नाही, एक दिवस ७८ नाही. मशीन डिजिटल आहे, त्याला शून्याची अशी आवड नसते. शाई एकच. आणि ज्या आठवड्यात मशीनचे सेल संपले म्हणून आई मला आणायला सांगत होती, त्या आठवड्यातही १३०/८०. रोज जर्नलं तपासणाऱ्या बाईला तुम्ही हे दाखवताय! पोस्टात असताना दोन रुपयांचा फरक लागला तर तुम्ही जेवायला घरी यायचा नाहीत, आई डबा घेऊन यायची.

कारण मला कळतं. मी काळजी करीन, डॉक्टर गोळी वाढवतील, दोन्ही नको. पण डॉक्टर गोळी ठरवणार ती याच वहीवरून, आणि कधी कधी आकडे बघून कमीही करतात. तेव्हा आता माझ्या बॅचप्रमाणे करायचं. चहा घेतल्यावर अर्धा तास मशीनला हात लावायचा नाही. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प बसायचं, पेपर वाचायचा नाही, विशेषतः अग्रलेख नाही. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. एक रीडिंग, मिनिटभर थांबून दुसरं. दोन्ही लिहायची, वेगवेगळी आली तरी. १५२ आलं तर १५२. जुनी पानं फाडू नका, नवीन पानावरून सुरू करा.

आई, तुला मी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेली परीक्षक, नेमलंय. आकडा तू वाचायचा, बाबा लिहितील, बाजूला तुझी सही. चष्मा लावून वाच.

आमच्या परीक्षा मार्चमध्ये उरकतील असं वाटतंय, नाहीतर शिमग्याला दोन दिवस का होईना येतेच. डॉक्टरांची तारीख त्याच आठवड्यात घ्या, मी बरोबर येईन. वरच्या वाडीत पंचायतीने नवीन बोअर मारलीय म्हणालात, तिचं पाणी एका बाटलीत भरून ठेवा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरून बूच घट्ट लावायचं. सेल कुरियरने पाठवलेत, मंगळवारपर्यंत मिळतील.

तुमची,
थोरली