मिरजेच्या चाचांना, सहा तारांबद्दल

चाचा, सलाम.

हे पत्र तुमच्या नातवाच्या मोबाईलवर पाठवतोय. त्याला सांगा, जरा सावकाश वाच. पोरगं लई भरभर वाचतं. त्या दिवशी तुमच्याकडून निघताना मी धड आभारही मानले नाहीत. सेकंड शिफ्ट गाठायची होती, बाहेर पाऊस लागला होता, आणि तुम्हीच "पळ, पगार कापतील" म्हणून मला बाहेर काढलंत. राहिलेलं ते आता चार लोकांदेखत लिहितो. सितारीच्या गल्लीत गिटार घेऊन गेलो होतो असं सांगितलं की आमच्या खात्यातली माणसं अजून हसतात, त्यांनीही वाचावं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. "आधीच्याच सितारी पुऱ्या व्हायच्यात, नवं गिऱ्हाईक आणू नको," असं तुम्ही बजावलं होतंत.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो, चौदा वर्षं झाली. गिटार घेतली ती विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या पोराकडून. त्याचं शिक्षण संपलं होतं, गावाकडं सामान न्यायचं नव्हतं, स्वस्तात देऊन गेला. तारा काळ्या पडलेल्या, बोटाला गंज लागायचा. आठवड्यात सगळ्यात बारीक तार तुटली. एका दुकानात नेली, तर तिथल्या माणसानं आत न बघताच सांगितलं की ब्रिज, म्हणजे तारांची घोडी, गेलाय, यात पैसे घालण्यापेक्षा नवीन घ्या. नवीन घ्यायला पैसे असते तर मी ही कशाला घेतली असती? तारांचा संच तेवढा घेतला आणि घरी आलो.

मनात म्हटलं, आपण रोज मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या मापात काम करणारी माणसं, सहा तारा बसवायला काय लागतं. बारीक तार भोकात घातली, वरून पांढरी पिन दाबली, खुंटी फिरवत गेलो. सूर वर चढतोय तोवर पिन टण्‌कन उडाली आणि चष्म्यावर आदळली. चष्मा नसता तर डोळाच होता. परत लावली, परत उडाली. तिसऱ्यांदा उडाल्यावर मी ठरवून टाकलं, भोक झिजलंय, आमच्या भाषेत बुश (भोकातली नळी) लूज झालीय. उपाय माझ्या खिशात होता, फेविक्विक.

दुसऱ्या दिवशी मावशीला मिरजेच्या दवाखान्यात डबा द्यायचा होता. गिटार पाठीवर घेऊनच गेलो. डबा देऊन झाल्यावर म्हटलं, सितारमेकर गल्ली जवळच आहे, विचारायला काय जातं. या गल्लीबद्दल लहानपणापासून ऐकत आलोय. एकोणिसाव्या शतकात इथल्या फरीदसाहेबांनी हे काम सुरू केलं. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. पटवर्धन सरकारच्या काळात कुणाची तरी वाद्यं दुरुस्त करता करता स्वतःच घडवायला लागले. लोखंडातली माणसं सुरात गेली, हे मला तेव्हापासून फार आवडतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये पेढे मीच वाटले होते, आणि तोवर आयुष्यात एकदाही तुमच्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं.

तुम्ही दारातच भोपळा घासत बसला होतात. मी म्हटलं, "चाचा, गिटारचं काम करता का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "न्हाई." मग दोन मिनिटांनी, "बघू दे की." या दोन मिनिटांत मी निघून गेलो असतो तर गिटारीचं काय झालं असतं, मला माहीत आहे. भोकात फेविक्विक गेलं असतं.

तुम्ही पिन हातात घेऊन बघितली नाही. आधी मला विचारलंत, तार आत कशाला अडकतीय? मला सांगता येईना. मी पिनेलाच धरून बसलो होतो. तुम्ही नातवाला हाक मारून दाढीचा छोटा आरसा मागवलात, तो गिटारीच्या मोठ्या गोल भोकातून आत घातलात, मोबाईलची बॅटरी लावलीत आणि म्हणालात, "आता तूच बघ." आत, घोडीच्या बरोबर खाली, एक कठीण लाकडाची पट्टी चिकटवलेली असते. तारेच्या टोकाचा पितळी मणी त्या पट्टीला खालून अडकायला पाहिजे. माझा मणी पिनेच्या टोकाखाली बसलेला. तार ताणली की तोच पिनेला खालून वर ढकलत होता. भोक शाबूत होतं, पिन शाबूत होती, ब्रिज तर ठणठणीत होता.

"तार लाकडानं धरायची. पिन नुसती वाट अडवून उभी राहती," असं तुम्ही म्हणालात. मग फेविक्विकची ट्यूब बघितलीत आणि म्हणालात, "हे खिशात घाल. परत बाहेर काढू नको."

त्यानंतर तुम्ही एक तार लावून दाखवलीत आणि लगेच काढून टाकलीत. त्या क्षणी मला राग आला होता, खरं सांगतो. झालेलं काम काढायचं कशाला? आता कळतं. तुम्ही लावून दिली असतीत तर दर वेळी पिन उडाल्यावर मी तुमच्या दारात आलो असतो. मणी आत सोडायच्या आधी तारेचं टोक जरासं वाकवायचं, पिनेची खाच गोल भोकाकडं ठेवायची, पिन हलकीच दाबायची आणि तार वर ओढत राहायची, मणी पट्टीला टेकल्याचं बोटाला कळेपर्यंत. ते कळणं एकदा आलं की आरसा लागत नाही. मला चौथ्या तारेला आलं.

जुन्या तारा काढताना मी पक्कड घेऊन सरळ कापायला निघालो, तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारलीत. ताणलेली तार कापायची नाही, आधी पूर्ण सैल करायची. सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो हे मी नंतर वाचलं. एवढा भार मशीनवर असता तर मी तरी क्लॅम्प तसा सोडला असता का? गच्च बसलेली पिन वरून पकडीनं उपटायची नाही, आतून रुपयाच्या नाण्यानं ढकलायची, हेही तुमचंच. पडद्यांच्या पट्टीला लावायला घरून खोबरेल आणू का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही जो चेहरा केलात तो विसरणार नाही. "खवट होतं ते. कोरड्या सुती कापडानं पूस."

खुंट्यांपाशी मात्र तुम्ही माझ्याकडं बघितलंत. सितारीची खुंटी लाकडात लाकूड, नुसत्या घर्षणावर बसते, सरकायला लागली तर खडू लावायचा. गिटारीच्या खुंटीला मागं बारीकसा वर्म आणि गिअर. तुम्ही म्हणालात, "हे तुझ्या खात्यातलं. सांग कसं चालतं." मी खुंटीचा कान फिरवून मोजलं, चौदा फेऱ्यांना दांडा एकदा फिरला. मग तुम्ही सांगितलंत की सूर नेहमी खालून वर चढवत आणायचा. पुढं गेला तर चांगला खाली उतरवायचा आणि परत वर यायचं. अहो चाचा, हा तर बॅकलॅश! लेथवर क्रॉस स्लाइडचं माप ओलांडलं की आम्ही नुसतं तेवढंच मागं फिरवत नाही, अर्धा फेरा मागं जाऊन परत पुढून माप गाठतो. नाहीतर स्क्रूच्या आट्यांतली फट तशीच राहते आणि जॉब रिजेक्ट होतो. चौदा वर्षं हे करतोय आणि गिटारीवर ते लावायचं डोक्यात आलं नव्हतं. खुंटीवरच्या वेढ्यांचं गणितही लक्षात आहे. जाड तारेला दोन-तीन, बारीकला चार-पाच, प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली, आणि तार गिटारीच्या डोक्याच्या आतल्या अंगानं.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो ते.

तारा लागल्यावर मी मोबाईलवर सूर मोजणारा ट्यूनर काढला. तुम्ही तो उपडा ठेवलात आणि पेटी पुढं ओढलीत. कुठली तार कुठल्या सुरात ते विचारलंत. मी सांगत गेलो, ई, ए, डी, जी, बी, ई. तुम्ही पेटीवर बोट ठेवत गेलात. पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात, परत तीन. "सगळ्या पांढऱ्याच की! काळी एकपण न्हाई." मग डोळे मिटून म्हणालात, "सा-म, सा-म, सा-म... मधे एकटा गंधार... परत सा-म." म्हणजे एक तार सा धरली तर पुढची तिचा मध्यम, फक्त जी-बीमध्ये गंधार. आयुष्यात गिटार हातात न धरलेल्या माणसानं अर्ध्या मिनिटात माझ्या सहा तारांची अख्खी रचना सांगितली. मी पाचवा पडदा, पाचवा पडदा, मग चौथा पडदा असं घोकून पाठ केलं होतं. तो चौथा पडदा मधेच का येतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिथं गंधार आहे म्हणून.

मग तुम्ही पेटीवरून फक्त जाड तार घेतलीत आणि बाकी सगळ्या कानानं जुळवल्यात, मध्यम अगदी शुद्ध, गंधार अगदी शुद्ध. मी हळूच ट्यूनर सरळ केला. ए दोन सेंट खाली, जी सहा, आणि बी तब्बल वीस! सेंट म्हणजे सुराचा थाऊ (आमच्याकडं इंचाचा हजारावा भाग) समजा, अर्ध्या स्वराचे शंभर भाग. मी म्हटलं, "चाचा, गंधार उतरलाय." तुम्ही म्हणालात, "माझा गंधार बरोबर हाय. तुझ्या मशीनचा चढा हाय." नातू हसला. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला.

पण तुम्ही तिथं थांबला नाहीत. शेवटची बारीक तार बीच्या तारेवरून लावलीत, मग सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक तार एकदम छेडलीत. पांढरी तीन आणि पांढरी तीन. दोघी एकमेकींशी भांडत होत्या. तुम्ही दोनदा, तीनदा छेडून बघितलंत. आमच्याकडं असं होतं, प्रत्येक ऑपरेशनला थोडं थोडं माप सुटत जातं, कुठंच काही चुकलेलं नसतं आणि शेवटी असेंब्ली बसत नाही. मी तसं म्हणालोसुद्धा. तुम्ही गिटारीच्या पट्टीवरून बोट फिरवलंत, पडदे धातूचे, ठोकून बसवलेले. सितारीचे दोऱ्यानं बांधलेले असतात, गंधार नाही पटला तर पडदा वर-खाली सरकवायचा. "हिचे हलत न्हाईत व्हय. मग हिला सगळ्यांशी थोडं थोडं जमवून घ्यायला लागतं. बिचारी." आणि मोबाईल माझ्या हातात दिलात. "लाव तुझ्या मशीननं."

घरी आल्यावर मी शोधलं. दोघंही बरोबर होतात, तुम्ही आणि मशीन. गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले असतात, त्यात गंधार शुद्ध गंधारापेक्षा चौदा सेंट चढाच असतो. तेव्हापासून जी आणि बी एकत्र वाजवताना मला तो चढेपणा ऐकू येतो. आधी येत नव्हता. याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, अजून ठरत नाही, चाचा. कुठलंही गाणं लागलं तरी कान तिथंच जातो. बायको म्हणते, पूर्वी बरा होतास.

पैसे विचारले तर तुम्ही म्हणालात, काम तू केलंस, मी कशाचे घेऊ? चहाचे तरी घ्या म्हटलं तर चहाही तुम्हीच पाजलात. जुन्या तारा गोल गुंडाळून माझ्याच खिशात घातल्यात, कचऱ्यात टाकल्या तर कचरा उचलणाऱ्या बाईच्या हातात घुसतील म्हणून. त्या मी कामावर नेल्या आणि मायक्रोमीटरखाली धरल्या. पहिली बारा थाऊ, म्हणजे ०.३० मिलिमीटर. सहावी त्रेपन्न, १.३५ मिलिमीटर. नव्या संचाच्या पाकिटावर छापलेलं माप आणि माझं माप जुळलं, एवढ्या गंजलेल्या तारांचंसुद्धा.

दिवाळीत मी तारा परत बदलल्या, घरी, एकट्यानं. एकही पिन उडाली नाही. नव्या तारा पहिले दोन दिवस उतरतात, त्या बोटानं हलक्या उचलून ओढायच्या आणि परत लावायच्या, हे तुम्ही सांगितलं होतंत म्हणून घाबरलो नाही. तिसरी तार लावताना नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत कटकट वाजत होती, तिथं पेन्सिलीचं शिसं घासलं. हे तुमचं नाही, आमच्या फोरमनचं. बरं आहे ना?

आणि एक. त्या दिवशी तुम्ही खुंटीचं भोक पाडत होतात तेव्हा तुमच्या हातड्रिलचा दांडा लटपटत होता. तुम्ही दोनदा शिवी घातलीत, एकदा ड्रिलला आणि एकदा ज्यानं विकलं त्याला. तुम्ही आरसा शोधत होतात तेवढ्यात मी खिशातला व्हर्नियर लावून दांड्याचं माप घेतलं होतं. गनमेटलची बुश केलीय. मापाला तीन थाऊ सैल ठेवलीय, तेलाला जागा पाहिजे. येत्या सुट्टीला मावशीला तपासणीला आणायचं आहे, तेव्हा घेऊन येतो. घट्ट झाली तर ठोकून बसवू नका, परत नेऊन घासून आणतो.

तुमचा,
कुपवाडचा लेथवाला