फिजिओ मॅडम, बोट सरळ झालं हो

मॅडम, समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो काकू त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

दिवाळीच्या आवराआवरीत गादीखाली चादर खोचताना माझं उजव्या हाताचं मधलं बोट अडकलं, दुखलं थोडंसंच पण नखाकडचं पेर खाली वाकून राहिलं. घरातले म्हणाले मुरगळलंय, तेल चोळ. एका दवाखान्यात बोटाला हात न लावताच गोळ्या दिल्या. मी ९ दिवस त्याच बोटाने कात्री चालवली, दिवाळीचे ब्लाउज द्यायचे होते आणि फार दुखत नाही म्हणजे विशेष काही नाही असंच वाटत होतं.

तुम्ही जिन्यात पिशवी धरायला मदत केलीत आणि बोट बघून तिथेच थांबलात. "काकू, टोक स्वतःहून सरळ करा बघू." होईना. दुसऱ्या हाताने उचललं की सरळ, सोडलं की खाली. तुम्ही म्हणालात हे मॅलेट फिंगर, पेराच्या पाठीवरून जाणारा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा धागा, जिथे हाडाला टाचलेला असतो तिथून उसवलाय, दोन्ही कडा टेकवून ठेवल्या तर शरीर स्वतःच शिवून घेतं, मधे ताण बसला की परत उसवतं. मी शिवणकामवाली, मला दुसऱ्या कुठल्या भाषेत हे इतकं कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तुमच्या गाडीवर मुंबई नाक्याला जाऊन एक्स-रे काढला. कधी कधी टेंडन हाडाचा तुकडा घेऊनच निघतो, तुकडा मोठा असेल किंवा सांधा सरकला असेल तर ऑपरेशन लागू शकतं हे तुम्ही आधीच सांगितलेलं त्यामुळे रात्रभर झोप नव्हती. माझं हाड शाबूत होतं, हाडाच्या डॉक्टरांनी पण स्प्लिंटच, म्हणजे बोट सरळ धरून ठेवणारी पट्टी, सांगितली. ८ आठवडे, दिवसरात्र. फक्त शेवटचा सांधा बांधलेला, मधला सांधा वाकवत राहायचा म्हणजे तो आखडत नाही.

आणि मग पाचव्या आठवड्यात भांडी घासून झाल्यावर स्प्लिंट ओली झाली म्हणून मी काढली आणि टोक खाली पडलं. तुमच्याकडे रडत आले. तुम्ही रागावला नाहीत, एवढंच म्हणालात, काकू आजपासून पुन्हा पहिला दिवस. टेबलावर हात पालथा सपाट ठेवून, टोक टेबलाला टेकलेलं ठेवून स्प्लिंट कशी बदलायची, कातडी पांढरी पडली तर आधी पुसून कोरडी कशी करायची, हे तुम्ही ड्युटीवरून दमून आल्यावर रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून करून घेतलंत. लग्नसराईच्या ऑर्डरी सोडाव्या लागल्या त्याचं वाईट वाटलं, पण तुम्ही धरून ठेवलं नसतं तर मी दुसऱ्यांदा नक्कीच कंटाळून सोडून दिलं असतं.

आपल्या बिल्डिंगमधल्या कबड्डी खेळणाऱ्या पोराचं पण इथेच सांगते. समोरच्याची जर्सी पकडताना त्याचं बोट गेलं, त्याचं उलटं होतं, टोक वाकतच नव्हतं. तुम्ही त्याला त्याच दिवशी हाताच्या सर्जनकडे पाठवलंत कारण वाकवणारा टेंडन तुटला तर तो आत तळहाताकडे ओढला जातो, तिथे स्प्लिंट लावून थांबून चालत नाही, ७ ते १० दिवसांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं. त्याची आई अजून तुमचं नाव काढते.

संक्रांतीनंतर दिवसाची स्प्लिंट निघाली, आता फक्त रात्री लावते. टोक अगदी किंचित वाकडं राहिलंय, तुम्ही म्हणालात एवढं चालतं आणि खरंच सुई धरताना काही अडत नाही.

तुमच्या येवल्याच्या पैठणीवरचा ब्लाउज शिवून ठेवलाय. हूक आणि हातशिलाई मीच केली, त्याच बोटाने. रविवारी घेऊन जा आणि पैशाचं विचारू नका.